मधलं रीळ

अमरावतीत पत्ता सांगताना आम्ही अजूनही टॉकीजच सांगतो. चित्रा चौकातून सरळ, प्रभातच्या पुढे, श्याम चौकाच्या अलीकडे, सरोजपाशी विचारा. एकपडदा टॉकीजचे दिवस सरले, पण चौकांनी ती नावं टाकली नाहीत. बाहेरच्या माणसाला हे नुसतं सिनेमाचं वेड वाटेल. त्यामागे एक धंदा होता, आणि त्या धंद्यात आमच्या घरच्या एका माणसाची सारी उमेद गेली.

हिंदी सिनेमावाल्यांनी वितरणासाठी देशाचे जे भाग पाडले होते, त्यातला एक सीपी-बेरार. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा तो जुना संसार 1956 मध्ये नकाशावरून मोडला. वऱ्हाड आधी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. सिनेमाच्या हिशेबवहीत मात्र सीपी-बेरार होता तसाच राहिला. या सर्किटची ऑफिसं भुसावळला आणि आमच्या अमरावतीला होती. मुंबईहून प्रिंट निघाली की बडनेऱ्याला उतरायची आणि अमरावतीच्या ऑफिसातून अकोला, खामगाव, यवतमाळ, कारंजा अशी गावोगाव फिरायची. तिच्यासोबत एक माणूस जायचा. त्याला ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणायचे. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, असे रिप्रेझेंटेटिव्ह होते.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक खेळाआधी तिकिटांच्या पुस्तकाचे नंबर उतरवून घ्यायचे, खेळ सुरू झाला की दारापाशी उभं राहून पब्लिक मोजायची, रात्री मॅनेजरच्या टेबलावर बसून डीसीआर भरायचा, म्हणजे त्या दिवसाच्या कलेक्शनचा कागद. मुक्काम हलायचा झाला की रिळं मोजून पेटीला कुलूप घालायचं. मोठेबाबांनी या साऱ्या वर्षांत सिनेमा सलग असा क्वचितच पाहिला. ते पडद्याकडे पाठ करून लोकांकडे पाहत. कोणत्या रिळाला बाया पदर डोळ्याला लावतात, कोणत्या रिळाला पोट्टे शिट्ट्या मारतात, हे त्यांना पाठ असे.

नटाच्या, गवयाच्या, तमासगिराच्या आयुष्यावरच्या सिनेमांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. ते आम्हा मुलांना अंगणात खाटेवर बसून सांगत.

“हालाच्या रिळाले पब्लिक गुमान बसते. गान्याच्या रिळाले उभी राह्यते. अन् मंधातलं जे रीळ असते ना, जिथं तो मानूस नुसता काम करून राह्यला, तवा पब्लिक भजे खाले जाते. म्हनून सिनेमावाले ते रीळच काढत नाईत.”

लहानपणी मला ही धंद्याची गोष्ट वाटली. कलावंतांवरचे सिनेमे मोठेपणी जसजसे पाहत गेलो, तसतसं हे मत मला पटत गेलं. भूक दिसते, अपमान दिसतो, टाळ्या दिसतात. त्यांच्यामधली वर्षं मात्र एखाद्या गाण्यात उडून जातात. मुलगा तानपुरा घेऊन झाडाखाली बसतो, कॅमेरा एक फेरा घेतो, आणि उठतो तो तयार गवई.

याचा पहिला दाखला मोठेबाबा देत तो ‘अलबेला’चा. 1951 चा सिनेमा. त्या वर्षी ते नुकतेच ऑफिसात चिकटले होते आणि पेट्या उचलायचं काम करत होते. ‘अलबेला’ आला तेव्हा गाण्यांच्या वेळी पडद्यावर चिल्लर फेकली जायची. ते तर देशभर झालं. पण अमरावतीच्या लोकांना त्या चिल्लरीत वेगळाच आनंद होता, कारण पडद्यावर नाचणारा तो बुटका, गुबगुबीत माणूस इथला होता. भगवान आबाजी पालव. 1 ऑगस्ट 1913 चा जन्म, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. पोटामागे घर मुंबईला गेलं आणि पोरगाही मजुरी करत वाढला. त्याचं घर नेमकं कोणत्या मोहल्ल्यात होतं यावर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांत कधी एकमत झालं नाही. प्रत्येकाला ते आपल्याच गल्लीत हवं होतं.

‘अलबेला’ची गोष्ट कलावंताचीच आहे. प्यारेलाल नावाचा गरीब घरातला पोरगा, डोक्यात नाटकाचं खूळ, बाप घराबाहेर काढतो. गीता बालीच्या आशाची गाठ पडते, तो रंगभूमीवर चमकतो. घरी पैसे पाठवत राहतो, पण ते घरी पोचतच नाहीत. परत येतो तेव्हा आई राहिलेली नसते. मोठेबाबा म्हणत, आई गेल्याच्या रिळाला टॉकीजमध्ये सुई पडली तरी ऐकू यायची, आणि गाण्याच्या रिळाला डोअरकीपरसुद्धा दार सोडून आत यायचा. मधलं रीळ त्यात नव्हतंच. प्यारेलाल स्टेजवर चढला की स्टार झाला.

भगवानदादांच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र मधली रिळं वीस वर्षांची होती. मूकपटापासून सुरुवात. मग कमी पैशांतले स्टंटपट, एकापाठोपाठ एक, गिरणगावातल्या आणि आमच्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या पब्लिकसाठी. 1938 मध्ये ‘बहादुर किसान’चं दिग्दर्शन चंद्रराव कदमांच्या जोडीनं. 1941 मध्ये तर चक्क तमिळमध्ये ‘वनमोहिनी’. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर ललिता पवारांना मारायची थप्पड जोरात बसली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. असं काही हातून घडल्यावर पुन्हा दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर उभं राहणं काय असतं, ते कुठल्या सिनेमात पाहिल्याचं मला आठवत नाही. स्टंटपटांच्या चौकटीतून बाहेर ये, सामाजिक सिनेमा कर, असं राज कपूरनं सांगितलं, तेव्हा कुठे ‘अलबेला’ झाला. संगीत सी. रामचंद्रांचं. हे चितळकर मूळ पुणतांब्याचे, पण गाणं शिकले त्यातला एक भाग नागपूरला, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

2016 मध्ये शेखर सरतांडेल यांनी ‘एक अलबेला’ काढला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, विद्या बालन गीता बाली. देसाईंनी खांदे उडवण्याची ती लकब, तो अर्ध्या तालावर थांबणारा हात असा काही उचलला की माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरला. मला सिनेमा आवडला. पण त्याचा बराचसा भर ‘अलबेला’ कसा उभा राहिला यावरच आहे. स्टंटपटांची वर्षं अशी हाताला लागत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय ‘अलबेला’ समजत नाही. तो नाच सोपा दिसतो, कारण मारामाऱ्या करकरून त्या शरीराला आपलं वजन कुठे टाकायचं ते कळलं होतं.

‘अलबेला’नंतरचं पुष्कळांना ठाऊक आहे. ‘झमेला’, ‘लाबेला’ यांना ते यश आलं नाही. चेंबूरचा स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. जुन्या सिनेमांच्या निगेटिव्ह आगीत जळाल्या. माणूस दादरच्या चाळीत राहायला आला आणि मिळेल ते काम करत राहिला, गर्दीत नाचण्याचंसुद्धा. इथे मोठेबाबांची एक सवय सांगायलाच हवी. सत्तरच्या दशकात एखाद्या सिनेमात भगवानदादा मागच्या रांगेत दोन-चार सेकंद नाचत असले, की मोठेबाबा त्या रिळाच्या वेळी दार सोडून ऑपरेटरच्या खोलीत जात. तिथल्या छोट्या झरोक्यातून तेवढा तुकडा पाहत आणि परत येत. त्यांनी कुणाला हे बोलून दाखवलं नव्हतं. एका ऑपरेटरनं माझ्या वडिलांना सांगितलं.

त्या खोलीत मी एकदा गेलो आहे. दोन मशीन शेजारी शेजारी, आत कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर जळत, त्यांच्यामधली ठिणगी उघड्या डोळ्यानं पाहायची नाही अशी ताकीद. कांडी जळून आखूड होत जाते, तशी ऑपरेटर चावी फिरवून ती पुढे सरकवत राहतो. प्रकाश जरा पिवळा पडला की खालून पब्लिक ओरडते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा ठिपका दिसला की पहिल्याचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा सुरू. हे नीट झालं तर खाली कुणाला कळतही नाही. रीळ तुटलं तर ब्लेडनं फिल्मवरचा थर खरवडायचा, सोल्युशनचं बोट लावायचं, टोकं जुळवून दाबून धरायची. हाताला त्या सोल्युशनचा वास दिवसभर राहायचा. अशी तुटतुटून जोडलेली प्रिंट आमच्या गावांत पोचेपर्यंत तिच्यातले कितीतरी क्षण गेलेले असत. वऱ्हाडातल्या छोट्या गावांनी बडे बडे नट असे तुटक तुटकच पाहिले.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, या साऱ्या पेट्याबिट्यांना फार किंमत देत नसत. त्यांचा कान नाटकाचा. वीर वामनराव जोशी अमरावतीचे. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेला माणूस आणि ‘रणदुंदुभी’चा नाटककार. ते नाटक बळवंत संगीत मंडळीनं केलं आणि त्यातली पदं मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. आबाजी दीनानाथांची तान सांगताना गात नसत, हातानं दाखवत. हात एकदम वर जायचा, हवेतच वळायचा आणि भलत्याच ठिकाणी उतरायचा. बोलपटाचं वारं आलं तेव्हा ही मंडळीही सिनेमात उतरली. 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला, त्याच्या दिग्दर्शनात विश्राम बेडेकर होते. बेडेकरांचा जन्मही अमरावतीचाच. तो सिनेमा काही मंडळीला तारू शकला नाही. दीनानाथ 1942 मध्ये गेले, अवघे 41 वर्षांचे. बेडेकरांनी पुढे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ लिहिलं. नाटक-सिनेमाच्या धंद्यातलं रोजचं मरण आणि रोजचा कैफ मला त्या पुस्तकात जेवढा भेटला तेवढा पडद्यावर नाही भेटला. मधलं रीळ पाहायचं तर तिथे.

आता मूर्तिजापूर. अकोल्याहून प्रिंट कारंज्याला न्यायची तर मोठेबाबा पूर्वी मूर्तिजापूरला गाडी बदलत. तिथून शकुंतला. अरुंद रुळांची, यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन्ही बाजूंना जाणारी कापसाची गाडी. ती कधी सुटेल याचा नेम नसे. पेट्यांवर पाय सोडून ते फलाटावर बसून राहत. याच गावात 2 मे 1920 रोजी वसंतराव देशपांडे जन्मले, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा ते म्हणाले, “इतक्या खेपा तिथं बसलो, कोनी सांगतलं असतं त निदान घर पाहून येतो.”

वसंतरावांचं बालपण मूर्तिजापुरात राहिलं नाही. आईनं लहानग्या मुलाला घेऊन नागपूर गाठलं आणि तिथे त्याला वाढवलं. नागपूरला ते शिकले शंकरराव सप्रे गुरुजींकडेच. म्हणजे अमरावतीच्या भगवानाला ज्यानं नाचवलं तो संगीतकार आणि मूर्तिजापूरचा हा गवई, दोघं एकाच गुरूचे विद्यार्थी. वयात दोनच वर्षांचं अंतर. 1935 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये वसंतराव कृष्ण झाले. लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे मारवा घोटला. दीनानाथांची ती हवेत वळणारी तान त्यांनी आयुष्यभर जिवापाड सांभाळली. आणि हे सगळं गळ्यात असताना त्यांनी पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली, थोडीथोडकी नव्हे, वीस वर्षांच्या वर. चीनच्या युद्धाच्या सुमाराला बदली झाली ती थेट नेफात. ‘कट्यार काळजात घुसली’ आलं 1967 मध्ये. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून उभे राहिलेले वसंतराव तेव्हा 47 वर्षांचे. 1983 मध्ये ते गेलेच. पूर्ण वेळ फक्त गवई म्हणून जगायला त्यांना दोन दशकंही मिळाली नाहीत.

निपुण धर्माधिकारींचा ‘मी वसंतराव’ 1 एप्रिल 2022 ला लागला. राहुल देशपांडे यांनी आपल्याच आजोबांची भूमिका केली, संगीतही त्यांचंच, आणि त्यातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजोबा गेले तेव्हा हा नातू जेमतेम चार वर्षांचा होता. त्याच्याकडे आजोबा आले ते ध्वनिमुद्रणांतून आणि मोठ्यांच्या बोलण्यातून. मला वाटतं, म्हणूनच या सिनेमाला मधल्या रिळाची भीती वाटली नाही. त्यात टेबल आहे, फायली आहेत, बदलीचा हुकूम आहे, घराणं कोणतं म्हणून विचारणारे आहेत, आणि मित्राच्या आग्रहालाही आज नको, उद्या बघू म्हणणारा एक भिडस्त माणूस आहे. पुष्कराज चिरपुटकरचे पु. ल. त्याला टोचत राहतात. हा माणूस नोकरी का सोडत नाही, असा राग प्रेक्षकाला येतो, आणि मग हळूहळू कळतं की तो घाबरट नाही, त्याला घर चालवायचं आहे. त्या टेबलावरच्या दृश्यांमुळेच ‘कट्यार’चा पडदा उघडतो तेव्हा छाती भरून येते.

हा सिनेमा आम्ही घरी टीव्हीवर मोठेबाबांना दाखवला. ते नव्वदीला टेकलेले, ऐकू कमी. अडीच-तीन तास हलले नाहीत. ऑफिसाची दृश्यं संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, “इथं पब्लिक उठली का?” मी सांगितलं, मी पाहिला तेव्हा नाही उठली. त्यांनी मान हलवली. तो चेहरा मला जपून ठेवावासा वाटतो.

आत्या मात्र वेगळंच पाहत होती. अनिता दातेनं केलेली वसंतरावांची आई. सासर सोडून, पोराचा हात धरून निघालेली, कष्टानं त्याला उभं करणारी बाई. आत्या म्हणाली, “गाणारा सगळ्यांना दिसतो रे. तो गात बसला तेव्हा चूल कोणी पेटवली, ते मला यात दिसलं.” आत्याला हे म्हणण्याचा अधिकार आहे. ती स्वतः नागपूर आकाशवाणीवर भावगीतं गायची. ऑडिशन पास झाली तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. पहाटे नळ यायच्या आधी ती पेटीवर स्वर धरायची, भाता अगदी हळू हलवत, सासू उठू नये म्हणून. सासू उठलेलीच असायची आणि पलीकडे पडून ऐकायची, हे तिला फार उशिरा कळलं. काँट्रॅक्टचा लिफाफा आला की फूफाजी रजा टाकायचे आणि दोघं एसटीनं नागपूरला. पंधरा मिनिटांच्या गाण्यासाठी अख्खा दिवस. त्या दिवसाइतका आनंद मला दुसऱ्या कशातच मिळाला नाही, असं ती सरळ सांगते.

आकाशवाणीच्या एका चेकचं तिनं काय केलं, ते मला चांगलं आठवतं. 1977 साल असावं किंवा त्याच्या लगोलगचं. ‘देवकीनंदन गोपाला’ लागला होता. गाडगेबाबांवरचा सिनेमा, बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, दिग्दर्शक राजदत्त. राजदत्त म्हणजे दत्तात्रय मायाळू, आपल्या धामणगावचे, राजा परांजप्यांच्या हाताखाली तयार झालेले. आत्यानं साऱ्या घराची तिकिटं काढली, आणि तीही बाल्कनीची. रिप्रेझेंटेटिव्हच्या घरचे लोक पहिल्यांदा पैसे भरून सिनेमाला आले म्हणून मॅनेजर मोठेबाबांना हसला.

आजीनं खरे गाडगेबाबा पाहिले होते, ऐकले होते. तिचं माहेर पूर्णाकाठचं, ऋणमोचनच्या जत्रेच्या टापूतलं. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न कसे टाकत, उत्तर चुकलं की कसे थांबत, गाडगं आणि खराटा कसा असे, हे आम्ही तिच्याकडून कितीदा ऐकलं होतं. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ बाबा गेले तेव्हा लोकांच्या लोंढ्यात ती पायी अमरावतीला आली होती. तिला सिनेमाला नेताना घरात थोडी धाकधूक होती. असल्याची नक्कल तिला खपेल का?

लागूंचं कीर्तन सुरू झालं. आजी पुढे झुकून बसली. थोड्या वेळानं तिनं मोठेबाबांच्या कानाशी, पण साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, “बोलनं बराबर हाये. पन डोये नाई जमले. बाबाचे डोये आपल्यावर राह्यत. हा मानूस पडद्यातल्याच लोकायकडे पाह्यते.”

मोठेबाबा म्हणाले, “माय, तो कॅमेऱ्यापुढं हाये. त्याले आपन कुठं दिसतो?”

“म्हनूनच म्हनते,” आजी म्हणाली.

गजर सुरू झाला तेव्हा खालच्या वर्गातून लोकांनी तो उचलला. टाळ्या पडू लागल्या, कुणीतरी खुर्ची वाजवायला लागलं, बाल्कनीतही बाया गाऊ लागल्या. आत्याचा आवाज त्यातून वेगळा ऐकू येत होता. आजी टाळी वाजवत होती आणि रडतही होती. दिवे लागले. लोक उठले. आजी जागची उठेना. तिनं पायाखाली पाहिलं. फल्लीच्या टरफलांचा खच पडला होता.

“बाबा असते,” ती म्हणाली, “त पयले हे टॉकीज झाडाले लावली असती साऱ्याईले. मंग कीर्तन.” आणि मोठेबाबांकडे बोट करून, “तुले त सगळ्यात आधी.”